देवाच्या भिंतीतली गोचीड

दिनांक ५ मार्च १९७८, रविवार. रक्कम सव्वीसशे रुपये. हजर: मी, धाकटा भाऊ मधू, आमची थोरली बहीण ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, आणि नागपुरातल्या ज्या गोठ्यातून गाय घेतली त्या गोठ्याचा मालक. आम्ही दोघा भावांनी नऊ-नऊशे घातले, उरलेले आठशे भाऊजींनी. गाय संकरित, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, सहा महिन्यांची गाभण. जन्मापासून सिमेंटच्या फरशीवर वाढलेली. मी तिचे कान उलटून पाहिले, शेपटीखाली पाहिले, कासेभोवती हात फिरवला. अंगावर एकही गोचीड नव्हती. मालक अभिमानाने म्हणाला, "मुनीमजी, इसको गोचीड क्या चीज है, मालूमच नहीं." तो हा गुण म्हणून सांगत होता आणि आम्हीही गुण म्हणूनच ऐकला.

गाय ताईसाठी होती. तिच्या धाकट्या मुलीला, सुमनला, मास्तरीण व्हायचे होते. त्यासाठी तिला नागपुरात ठेवावे लागणार होते. भाऊजींचे म्हणणे, पोरीच्या शिक्षणाला शेतातून एक दाणा निघणार नाही. ताईचे म्हणणे, मग दुधातून निघेल. म्हणून ही गाय. ज्येष्ठात ती व्याली, कालवड झाली, आणि दूध खाप्याच्या हॉटेलांत जाऊ लागले. दोन महिने सगळे सुरळीत चालले. पुढचे चार दिवस मी स्वतः पाहिले, ते लिहितो.

रविवार, १३ ऑगस्ट. खाप्याच्या पुढे

शनिवारी संध्याकाळी ताईच्या गावचा एक माणूस पोती घ्यायला नागपुरात, इतवारीच्या बाजारात आला होता. मी मुनीम आहे त्या धान्याच्या दुकानात डोकावून त्याने निरोप टाकला, "ताईनं सांगतलं, गाय वैरण खाऊन नाही राहिली. लवकर या म्हणते." मी दुसऱ्या दिवशी सकाळची सावनेरची गाडी धरली.

त्या गाडीविषयी काही लिहीत नाही. जे तिच्यात बसले आहेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि जे बसले नाहीत त्यांचे नशीब मी कशाला बिघडवू?

खाप्याच्या स्टँडवर चहा घेतला. हॉटेलच्या भिंतीवर पशुसंवर्धन खात्याने चिकटवलेले एक रंगीत चित्र होते: हिरव्या कुरणात उभी संकरित गाय, शेजारी फेटा बांधलेला हसरा शेतकरी, खाली मजकूर 'संकरित गाय घरी, समृद्धी दारी'. त्या गायीच्या अंगावर माशीसुद्धा बसलेली नव्हती. कुरणही असे की आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिलेले नाही. चित्रकाराने पावसाळा काढला होता, पण पावसाळ्यात जे जे निघते ते सगळे गाळले होते.

माझी गाय आजारी आहे असे मी हॉटेलवाल्याला सांगितले मात्र, बाकावरच्या तिघांनी तीन औषधे दिली. एक म्हणाला करंजीचे तेल, दुसरा म्हणाला तंबाखूचे पाणी. तिसरा सगळ्यांत हुशार. तो म्हणाला, "कोंबड्या सोडा न गा गोठ्यात! बराबर टिपून खातात." मी विचारले, "तुमच्याकडे आहे का संकरित गाय?" तिघांकडेही नव्हती. आपल्याकडे ज्याच्याजवळ जनावर नसते त्याच्याजवळ औषध हमखास असते.

पुढे कन्हान ओलांडून पायवाट. काळ्या मातीत चपला रुतल्या की आधी पाय निघतो, चप्पल नंतर हाताने काढावी लागते. नदी गढूळ, फुगलेली, काठावर तरोटा, म्हणजे टाकळा, गुडघाभर. संत्र्यांच्या बागा धुऊन निघालेल्या. देखावा सुंदर होता हे मी मान्य करतो. पण दोन्ही हातांत एकेक चप्पल घेऊन देखावा फार पाहता येत नाही.

गावाचे नाव लिहीत नाही. भाऊजी हयात आहेत आणि वाचतात.

गोठा

ताई दारातच भेटली. "आला का वसंता? पाय धू, पण पह्यले गाय पाह्य."

गोठा चौकोनी, मातीच्या भिंतींचा. एका बाजूला भाऊजींचे दोन बैल रवंथ करीत उभे होते. गाय पूर्वेच्या भिंतीशी बांधली होती. मान खाली, डोळ्यांतून पाणी, श्वास भात्यासारखा. खांद्यापुढे दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी. मी मार्चमध्ये उलटले होते तेच कान उलटले. आत एरंडाच्या बिया चिकटवाव्यात तशा गोचिडी. कासेभोवतीही तेच.

अक्षय तृतीयेला, म्हणजे इकडच्या आखाजीला, मी आमरसासाठी आलो होतो. तेव्हा बैलांच्या कानांत चार-दोन दिसल्या होत्या. गेल्या पौषात तर शोधूनही सापडत नव्हत्या. थंडीत नाही, उन्हाळ्यात थोड्या, आणि पाऊस पडला की ह्या अशा. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. आखाजीला भाऊजींनी ते मला एखाद्या सणासारखे सांगितलेही होते: "मृग लागला का गोचीड आलीच समजा!" जो पाहुणा दरसाल येतो त्याच्यासाठी घरात काय तयारी केली, हे मात्र विचारू नये.

भाऊजी म्हणाले, "तयारी कशी नाही गा? पावडर मारली न!" गॅमेक्सिनची पावडर जुन्या मोज्यात भरून तो मोजा गायीच्या पाठीवर आपटायचा, ही तयारी. पाठ पांढरीशुभ्र झाली होती. गोचिडी पोटाखाली होत्या. गोठ्यात दोन कोंबड्याही फिरत होत्या. त्या गायीच्या पेंडेतले दाणे टिपत होत्या.

"अन् हे बैल बरे कसे?" मी विचारले.

"ते गावराणी आहेत. त्यायले काही होत नाही. हे तुमचं शहरातलं जनावर नाजूक."

म्हणजे गाय दूध देत होती तोवर त्यांची होती, आता शहरातली झाली.

मी विचारले, एवढा मोठा गोठा असताना गाय ह्याच भिंतीशी का? ह्या प्रश्नाने भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे शेंदराचा जाड पट्टा होता आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे. हा त्यांच्या घराण्याचा गोठ्यातला देव. "लक्ष्मी घरात आली तर तिले देवाजवळच बांधा लागते न. बैल तिकडे, लक्ष्मी इकडे. आमच्या आज्यापासून रीत आहे."

रात्री तरोट्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि वर लसणाचे तेल. नागपुरात तरोटा कोणी खात नाही, कारण तो फुकट मिळतो. भाजी उत्तम होती. ताई जेवली नाही.

सोमवार. गुरांचा डॉक्टर

गुरांचा दवाखाना जवळच्या मोठ्या गावात. तिथे जाऊन डॉक्टरांना आणण्यात माझी सकाळ गेली. डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले, आणि ह्या जिल्ह्यात आपल्याला कोणी का पाठवले ह्या विचारात कायम बुडालेले. गाय पाहिल्यावर मात्र माणूस शुद्धीवर आला. गाठी दाबल्या, हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला.  दोन सुया टोचल्या, काही बाटल्या लिहून दिल्या आणि कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला.

"गोचीडताप. खात्री करायला नमुना नागपूरला पाठवतो."

"निकाल कधी?"

"आठ-दहा दिवस."

"आणि गाय?"

त्यांनी काच कागदात गुंडाळली. मी नागपूरहून गायीसाठी आलो होतो आणि गायीचे रक्त नागपूरला निघाले होते. दोघांपैकी कोणाचाच गायीला उपयोग नव्हता.

मग ओसरीवर चहा घेत त्यांनी आम्हाला व्याख्यान दिले. चहा दोन कप झाला, व्याख्यान एकच. पण त्यातली एक गोष्ट कामाची होती, ती लिहितो. गावराणी जनावर वासरू असतानाच ह्या तापातून जाते. मरायची ती मरतात, उरतात ती पक्की होतात. संकरित गाय फरशीवर वाढलेली, तिला पहिली गोचीड मोठेपणी चावली. ही गाय जगली तर तिला बहुधा पुन्हा हा ताप येणार नाही. पण तिची कालवड अर्धी परदेशी रक्ताची. तिला एवढ्या गोचिडी एकदम लागल्या तर तीही जाईल.

"अंगावर पावडर मारून काही होत नाही," ते म्हणाले. "गोचीड अंगावर फक्त जेवायला येते. पोट भरलं की खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत शिरते. अंडी तिथं, पिल्लं तिथं, कात टाकणं तिथं. भिंत लिंपा. भेग एक ठेवू नका. थंडी पडली की जोर आपोआप कमी होतो, पण तोवर कालवडीला गोठ्यात बांधू नका."

हे मला लगेच पटले. आमच्या गोदामात पोत्याला किडे लागले की आम्ही पोत्याला शिव्या देत नाही, भिंतीचे सांधे बुजवतो.

डॉक्टर गेले. उद्या पंधरा ऑगस्ट, झेंडावंदन, त्यामुळे परवा येतो म्हणाले.

मी ताईला म्हटले, चल, भिंती पाहू. तीन भिंती पाहिल्या. ताईचे काम चोख. दर शुक्रवारी शेण-मातीने लिंपलेल्या, हात फिरवला तर काच. चौथी भिंत देवाची. तिला आखाजीनंतर कोणी हात लावलेला नव्हता.

"ही काहून सोडली?"

"देवाची आहे न वसंता. वर्सातून एकदाच लिंपतात, आखाजीले. मधात हात लावला तर कोप होते म्हणतात."

आखाजीचे लिंपण उन्हाने तडकले होते, आणि त्यावर पावसाची ओल आली होती. भिंतभर भेगा, बोट जाईल एवढ्या. मी खराट्याची एक काडी घेतली आणि एका भेगेत घालून ओढली. काडीबरोबर गोचिडी बाहेर आल्या. फुगलेल्या, रिकाम्या, बारीक, मोठ्या, सगळ्या वयाच्या. दुसऱ्या भेगेत तेच. ताईने तोंडावर पदर घेतला.

एवढ्यात भाऊजी आले. "अरे! देवाच्या भिंतीले काडी कायले घालून राहिला गा?"

"देवाच्या भिंतीत काय आहे ते बघा."

"ते असू दे! असंन! पण तिले हात लावाचा नाही. तुमची इतवारी नाही ही."

ताई म्हणाली, "वसंता खरं बोलून राहिला. पाहा तर."

"तू गप वं!" आणि भाऊजी कोंबड्या हाकलू लागले. माणसाला काय बोलावे सुचेना की तो कोंबड्यांवर जातो.

नागपुरात आमच्याकडे दिवाळीपूर्वी घराला चुना द्यायचा असला की देवघरातले सगळे देव पाटीत घालून अंगणात ठेवतात. पोरे त्यांच्याशी खेळतात. अजून कोणत्या देवाने तक्रार केलेली नाही. हे मी भाऊजींना सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, जणू मी नागपुरात देव पाटीत घालून विकतो.

पंधरा ऑगस्ट

पहाटे गाय बसली ती उठली नाही. सकाळी शाळेतली मुले झेंड्याचे गाणे म्हणत गल्लीतून गेली, तेव्हा ती गेली. ताई तिच्या डोक्याशी बसली होती. ती रडली नाही, उठून सुमनला म्हणाली, "जा, झेंडावंदनाले जा तू." आणि पोरगी गेली नाही, म्हणून तिच्यावर ओरडली.

मग गाय उचलायची कोणी? ह्या प्रश्नावर भाऊजींचे वागणे पाहून मला त्यांची लाज वाटली. गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातल्या लोकांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम वीस वर्षांपूर्वी धर्म घेतला तेव्हाच सोडले. सगळ्या गावाला ते माहीत आहे. तरीही भाऊजींनी माणूस पाठवलाच. तो उत्तर घेऊन आला: "ते म्हणतात, गाय तुमची माय, तं माती बी तुम्हीच द्या." उत्तर बरोबर होते. शेवटी भाऊजींचेच दोन बैल जुंपले, आणि मी, भाऊजी व शेजारी अशा तिघांनी तिला शेताच्या कडेला नेऊन खड्ड्यात मीठ घालून पुरले. चिखलात खड्डा खणणे म्हणजे काय ते मी इतवारीत राहून कधी शिकलो नसतो.

परत आलो तर भाऊजी पाय न धुताच गोठ्यात शिरले. हातात नवा खुंटा. ओसरीत स्वयंपाकघराच्या दाराशी कालवड बांधलेली होती, तिच्या दोराला हात घातला.

"कुठं नेता?" ताईने विचारले.

"गोठ्यात. लक्ष्मीची जागा रिकामी ठेवाची नसते. दिवस मावळाच्या आत दुसरी बांधा लागते."

मी तीन दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला. "भाऊजी, डॉक्टर काय बोलले ते तुम्ही ऐकलं. त्या भिंतीनं एक खाल्ली. आता दुसरी नेऊन देता?"

"देव खाते का गा? देव खाते?"

"देव नाही खात. त्याच्या मागे जे राहतात ते खातात."

ताई उठली, कालवडीच्या गळ्यात हात घालून बसली आणि म्हणाली, "बांधाची असंन तं मलेही बांधा हिच्या बाजूले." तीस वर्षांच्या संसारात ती असे बोललेली मी ऐकले नव्हते. भाऊजींनीही नसावे. खुंटा हातात तसाच राहिला. मग ते एक वाक्य बोलले, आणि पहिल्यांदाच मला वाटले की हा माणूस हट्टी नाही, घाबरलेला आहे. "पह्यले गाय गेली. आता देवाले हात लावला अन् पोरीले काही झालं तं?"

 गोदामाच्या भिंतीत कोणी देव बसवलेला नसतो.

ताईनेच मार्ग काढला. "भगताले विचारा. त्यानं हो म्हटलं तं लिंपू. तोवर ही इथंच राहीन."

बुधवार. भगत

भगत मारुतीच्या पारावर बिडी ओढत बसलेला. उघडा, केस पांढरे, नजर दुकानदाराची. माझे सगळे ऐकून घेतले.

"देव कोनाच्या घरचा?"

"आमच्या भाऊजींच्या."

"मंग त्याले उठवा लागते. भिंतीत असताना लिंपता नाही येत. त्याच्या अंगावर माती पडते न."

"उठवायचं काय लागेल?"

"नारळ. अगरबत्ती. अन् एकवीस रुपये."

"एकवीस? आखाजीला किती घेता?"

"आखाजीले तो आपखुशीनं उठते गा. आता श्रावणात झोपेतून उठवाचा आहे."

मी अकरा म्हटले. तो म्हणाला, "मुनीमजी, इतवारीत देव इकतात का किलोनं?" मी म्हटले, पंधरा. तो उठून बिडी विझवू लागला. मी एकवीसला कबूल झालो. इतवारीतल्या माझ्या सगळ्या वर्षांत असा व्यवहार केला नव्हता: माल दिसत नाही, भाव उतरत नाही.

जाताना मी सांगितले की शेण-मातीत मी गॅमेक्सिनही कालवणार आहे. तो म्हणाला, "कालवा न. पन मोठ्यानं नोका सांगू. तो आयकते."

दुपारी तो आला. नारळ फोडला, काहीतरी पुटपुटला, ओल्या फडक्याने चांदीचे डोळे सैल करून काढले आणि विड्याच्या पानावर ठेवले. मग सुरी लावून शेंदराचा पट्टा सोडवला. तो तव्याएवढा एका तुकड्यात निघाला, कित्येक पिढ्यांचे थर एकावर एक. त्यामागे भिंत दिसली नाही. गोचिडी दिसल्या. एकमेकींना चिकटून, मधे अंड्यांचे तपकिरी गुच्छ, खुरासणीच्या पेंडेसारखे. उजेड पडताच त्या हळूहळू हलू लागल्या.

भगत दोन पावले मागे झाला. "आबाबा! देवाले कसं राहू देल्लं गा तुम्ही याच्यात?"

 भाऊजींनी ताईच्या हातातली घासलेटची बाटली घेतली आणि स्वतः भिंतीवर ओतली. मग खुरपे घेऊन ती भिंत मुळापासून खरवडली. जमिनीवर पडलेले सगळे टोपलीत भरून बाहेर नेऊन जाळले. ताईने आणि मी शेण-माती कालवली, पावडर घातली, एक भेग न ठेवता लिंपले. कालवड ओसरीतून सगळे पाहत होती आणि मी काढून ठेवलेला सदरा चघळत होती. ती त्या रात्री तिथेच राहिली. थंडी पडेपर्यंत तिथेच राहायचे ठरले. लक्ष्मीच्या जागेचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी लिंपण ओलसर असतानाच भगत पानावरचे डोळे घेऊन पुन्हा आला. देव परत बसवायचे आणखी पाच रुपये म्हणाला. मी खिशात हात घातला, पण भाऊजींनी मला थांबवले. 

"भगत," ते म्हणाले, "असं कर. मारुतीजवळच राहू दे त्याले. दिवाळी होऊ दे, थंडी पडू दे. मंग आनू."

"तेल-वात?"

चुकते झाले ते असे. डॉक्टरच्या सुया आणि बाटल्या, बासष्ट रुपये, मी. देवाला भिंतीतून उठवण्याचे एकवीस, भगताला, मी. आणि थंडी पडेपर्यंत मारुतीच्या देवळात त्याच्यापुढे दिवा लावायच्या तेलाचे तीन रुपये, भगताच्या हातावर मोजून, भाऊजींनी.